नीलाबाईंना हसू आलं

नीलाबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं दवाखान्यात सगळेच म्हणत. ड्यूटी संपली तरी त्या खुर्चीत टेकत नसत. सलाईनची बाटली बघ, खिडकीची कडी लाव, पुसलेला ट्रे पुन्हा पूस, असं त्यांचं चालायचं. निलंग्याकडच्या एका खेड्यात, लिंगायत शेतकऱ्याच्या घरी त्या जन्मल्या. लग्न लवकर झालं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा तंटाबखेडा न करता त्या माहेरी आल्या आणि भावाच्या मागं लागून नांदेडला नर्सिंग शिकायला गेल्या. तिथून लातूरला, गंजगोलाईच्या मागल्या गल्लीतल्या डॉक्टर गुरुपादप्पांच्या खाजगी दवाखान्यात. आता चाळिशी जवळ आली होती. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर कडक पांढरी साडी. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, परगावचे साहेब राहायला आले होते, रस्ते रुंद होणार म्हणून खुणा पडल्या होत्या. पाऊस तेवढा नव्हता. सालामागून साल कोरडं जात होतं. गल्लीत टँकर आला की घागरी-हंड्यांची आधी रांग आणि मग मारामारी. खेड्यापाड्यांतून कामाच्या आशेनं आलेली माणसं काम नसलं की गोलाईभोवती नुसती फिरत राहायची.

या फिरणाऱ्या माणसांच्या भरवशावर शेषेरावानं व्हिडिओचा धंदा काढला होता. शेषेराव औशाकडचा शेतकरी. रानात काही उरलं नाही तेव्हा बायकोच्या भावानं आखातातून आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर त्यानं एका पत्र्याच्या शेडमध्ये मांडला. बायको तुळजाबाई दाराशी बसून तिकिटं फाडायची. मशीनबरोबर एक विलायती कॅसेटही आली होती. एक दिवस हिंदी पिक्चरची कॅसेट अडकली, लोक बाकडी आपटायला लागले, म्हणून शेषेरावानं हाताला लागली ती विलायती लावली. तिच्यात गोष्ट अशी नव्हतीच. छोटे छोटे नकलांचे तुकडे होते. लाल तोंडाचे गोरे, कमी कपड्यांतल्या गोऱ्या बाया, चावटपणा आणि धडपड. बोललेलं कुणालाच कळत नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. त्या दिवसापासून लोक पिक्चर सोडून तीच कॅसेट मागायला लागले.

दवाखान्यात नर्सांपैकी हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं कळलं ते एवढंच, की माणसांच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. नर्स जवळून गेली की एखाद्या खाटेवरून मोसंबं घरंगळायचं. भेटायला आलेल्याचा रुमाल पडायचा, चष्म्याचं घर पडायचं. मग लांबट, लाडिक सुरात, "सिस्टर, जरा उचला की." आणि ती वाकली की मागं खसखस पिकायची.

याचा सगळ्यात जास्त जाच उमाला झाला. उमा मुदखेडची, नुकती कोर्स करून आलेली, अंगानं शेलाटी, बोलायला मऊ. ती नीलाबाईंना अक्का म्हणायची. वॉर्डात साखराबाई नावाची म्हातारी मांडीचं हाड मोडून पडली होती. तिच्या पायाला दोर बांधून, खाटेच्या टोकाशी विटा लटकवून वजन दिलं होतं. तिचा मुलगा भुजंग टँकरच्या ठेकेदाराकडं मुकादम होता. दुष्काळात टँकरवाल्याचा मान कलेक्टरच्या खालोखाल. तो आईला बघायला यायचा आणि उमा आली की त्याच्या बोटातला किल्ल्यांचा जुडगा हटकून खाली पडायचा. एका दुपारी किल्ल्या उचलायला वाकलेली उमा मागच्या हसण्यानं अशी दचकली की इंजेक्शनचा ट्रे तिच्या हातून सुटला. काचा वेचताना ती रडत होती. भुजंग म्हणाला, "मी काय केलो? व्हिडिओत दावतेत तसंच तर हाय."

व्हिडिओत काय दाखवतात, हे बघायचंच, असं नीलाबाईंनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या तशाच पांढऱ्या साडीत शेडवर गेल्या. तुळजाबाई गोंधळली. शेषेराव आतून धावत आला आणि इथं बायामाणसं येत नाहीत, असं चाचरत सांगू लागला. मी तिकीट काढून बसणार आहे, एवढं बोलून नीलाबाई आत शिरल्या आणि मागच्या बाकड्यावर बसल्या.

आत तापलेला पत्रा, विड्यांचा धूर, घामाचा वास. त्यांना बघून पुढच्यांनी जरा विड्या लपवल्या, मग विसरले. पडद्यावर दवाखाना आला. खाटेवर एक टकल्या रुग्ण, पाय प्लास्टरात, कप्पीवरून दोरानं वर टांगलेला. नर्स आली की तो थर्मामीटर खाली टाकायचा. नर्स वाकायची. बाकड्यांवरून आरोळ्या उठायच्या. पुन्हा चष्मा, पुन्हा द्राक्षं. नीलाबाईंच्या कानशिलांना चटके बसत होते. हे असं आहे तर. उठून टीव्हीची वायर उपटावी, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या उठल्यादेखील.

तेवढ्यात पडद्यावर मेट्रन आली. दाराएवढी रुंद बाई. टकल्यानं ती कोण हे न बघताच चमचा टाकला. मेट्रननं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ती उचलायला वाकली. तिच्या मागल्या बाजूचा धक्का दोराच्या गाठीला बसला, गाठ सुटली, दुसऱ्या टोकाचं वजन धाडकन खाली आलं, कप्पी गरगरली आणि टकल्या सर्रकन उलटा वर गेला. अंगातला झगा तोंडावर उतरला आणि दोन गोरे कुल्ले छताखाली चंद्रासारखे लटकले. मेट्रननं शांतपणे चमचा पुसून खिशात घातला आणि बाकीच्या खाटा तपासायला गेली.

साखराबाईच्या पायाची गाठ नीलाबाई रोज सकाळी ओढून बघत. ही गाठ सुटली तर काय होईल, असा विचार रोज मनात यायचा आणि त्या तो दाबायच्या. आता तो असा समोर लटकलेला बघितला आणि त्यांच्या तोंडून हसू फुटलं. साधं नव्हे, घोड्यासारखं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. पुढची सगळी डोकी मागं वळली. नीलाबाई तशाच बाहेर पडल्या आणि भर उन्हात तरातरा चालत सुटल्या.

त्यानंतरचे दिवस त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. पूजेला बसल्या की हातातलं लिंग बाजूला राहायचं आणि ते कुल्ले डोळ्यांपुढं यायचे. स्वतःचा संताप यायचा. ज्या खोडीनं उमा रडली तीच बघून आपण हसलो. मग आपल्यात आणि त्या बाकड्यांवरच्यांत फरक काय? पण दुसरंही एक खरं होतं. इतकी वर्षं त्या माणसांची उघडी अंगं धूत होत्या, पुसत होत्या, एनिमा देत होत्या, शौचाची भांडी धरत होत्या. मोठमोठ्या घरची माणसं त्यांनी उघडी पाहिली होती. यातलं कुणाला काही सांगायचं नसतं, आणि त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं. ते सगळं कुणीतरी सातासमुद्रापलीकडं चव्हाट्यावर मांडलं होतं आणि हे हसण्यासारखं आहे, असं खुशाल म्हटलं होतं. हा मोकळेपणा गोड वाटावा, याचीच त्यांना भीती वाटत होती.

शेवटी त्यांनी ते गुरम्माला सांगितलं. गुरम्मा दवाखान्यातली जुनी आया. लग्नात वरमाईला टोमणे मारणारी चावट गाणी, म्हणजे विहिणी, म्हणायला तिला सगळ्या गल्ल्यांतून बोलावणं यायचं, आणि तिच्या विहिणी सुरू झाल्या की पुरुष आपणहून मांडवाबाहेर जायचे. गुरम्मा भांडी घासत होती. ती शहाणपणाचं काही बोलेल अशी नीलाबाईंची अपेक्षा होती. गुरम्मानं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे त्यो उलटा लटकला? आन् झगा? परत सांगा, सुरवातीपून."

नीलाबाईंनी परत सांगितलं. सांगता सांगता त्या मेट्रनसारख्या वाकल्या. गुरम्मा भिंतीला टेकून हसली. आवाज ऐकून दोन नर्सा आल्या, स्वयंपाकीण आली, आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगावं लागलं. मग सगळ्यांचं एकच झालं, आपल्याला बघायचंय.

नीलाबाई पुन्हा शेडवर गेल्या आणि बायकांचा वेगळा खेळ लाव म्हणाल्या. शेषेराव नाही म्हणत होता. गावात बोभाटा होईल, नवीन एसपी कडक आहे, असं काय काय त्यानं सांगितलं. दाराशी बसलेली तुळजाबाई तिकिटं मोजत होती. ती म्हणाली, "मी इतके दिस हितं बसून राहिले. आतनं नुस्तं हसू ऐकून राहिले. लावा बायकांचा खेळ. मलाबी बघायचंय."

बाजाराच्या दिवशी सकाळी, पुरुष धान्याच्या मोंढ्यात गुंतलेले असताना खेळ झाला. दवाखान्यातल्या बाया आल्या, टँकरच्या रांगेतल्या आल्या. किराणा दुकानवाल्या ईश्वरप्पांची बायको दानम्मा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून आली आणि कोपऱ्यात बसली. सुरुवातीला कुणी हसलं तर चारचौघींत दिसेल, म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. मग पडद्यावर एक पाद्री आला. शेजारणीच्या दोरीवरची आतली वस्त्रं वाऱ्यानं उडून त्याच्या पाठीला चिकटली आणि तो तसाच जाऊन चर्चमध्ये गंभीर प्रवचन देऊ लागला. दानम्माच्या पदराआडून खुदकन आवाज आला. "आमच्या मठात बी असलंच एकजण हाय," ती म्हणाली, आणि शेड हशानं फुटली. त्यानंतर विलायती बोलणं कुणी ऐकलंच नाही. एकेका तोंडावर मराठीत, कानडीत, दख्खनीत बोल बसवले जात होते. मेट्रन आली तेव्हा गुरम्मानं तिच्या नावानं एक विहीण ताणून म्हटली. बाया एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारत होत्या.

उमा तेवढी हसली नाही. नर्स पहिल्यांदा वाकली तेव्हाच ती उठून बाहेर गेली होती. नीलाबाई तिच्यामागं गेल्या. ती शेडच्या सावलीत उभी होती. नीलाबाई समजावू लागल्या की पुढं मेट्रन येते, त्याला चांगली अद्दल घडते.

"तुमाला हसू येतंय अक्का," उमा म्हणाली, "तुमच्या मागं कोणी लागत न्हाई म्हणून."

आतून हसण्याचे लोट येत होते, आणि त्यांचं अर्धं मन तिकडं ओढत होतं, हे उमाला दिसत असावं. त्या तिच्याबरोबर चालत दवाखान्यात परतल्या.

दुसऱ्या दिवशी नीलाबाईंनी वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. जमिनीवर पडलेली वस्तू कोणतीही नर्स उचलणार नाही. ज्याची त्यानं उचलावी, नाहीतर ती केरात जाईल.

संध्याकाळी भुजंग आला. उमा औषधं वाटत होती. जुडगा पडला. "सिस्टर, जरा उचला की." उमा जागीच थांबली. नीलाबाईंनी गुरम्माकडं बघितलं. गुरम्मानं लांब झाडू घेतला, जुडगा हळूच पुढं ढकलला, मळक्या बँडेज-कापसाबरोबर सुपलीत भरला आणि दाराबाहेरच्या ड्रममध्ये ओतला. भुजंग आरडाओरडा करत मागं धावला. पण टँकर खाली उभा होता, त्याची किल्ली जुडग्यात होती, आणि गल्लीतल्या बाया हंडे घेऊन ओरडत होत्या. त्याला बाह्या सरसावून ड्रममध्ये कमरेपर्यंत वाकावं लागलं. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून ते दिसत होतं. पहिल्यांदा एक पोटाच्या ऑपरेशनचा रुग्ण टाके धरून हसला, मग सगळेच.

भुजंगनं तक्रार केली. डॉक्टर गुरुपादप्पा तापले. उन्हाळाभर दवाखान्याला पाणी याच माणसाच्या टँकरनं येत होतं. त्यांनी नीलाबाईंना साखराबाईच्या खाटेजवळ, भुजंगासमोर बोलावलं आणि सगळ्यांदेखत माफी मागायला सांगितलं. आधी यांनी उमाची मागावी, मग मी मागते, असं नीलाबाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, असं असेल तर उद्यापासून यायचं कारण नाही.

तेव्हा खाटेवरून साखराबाई बोलली. तोवर तिच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. "डाक्टरसाब, माजा पाय मोडला, डोळे न्हाई फुटले. रोज बघून राहिले मी. किल्ल्या त्येच्या. त्यानंच वाकावं."

भुजंग आईकडं बघत राहिला आणि जिना उतरून गेला. माफी कुणीच मागितली नाही, आणि डॉक्टरांनीही नीलाबाईंना काढायचं पुन्हा नाव घेतलं नाही. टँकर दुसऱ्या दिवशी उशिरा आला, पण आला. वस्तू पडायच्या कमी झाल्या, एकदम बंद काही झाल्या नाहीत.

नीलाबाईंचं मन मात्र तिथून उडालं. डॉक्टरांचं ते वाक्य त्यांना विसरता येईना. नायगावकडं सरकारी आरोग्य केंद्रात जागा निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला, आणि पाऊस बरा झाला त्या साली त्या निघून गेल्या. शेषेरावानंही शेड मोडली. सारखी लावून लावून ती कॅसेट झिजली होती, शेवटी शेवटी नुसत्या रेघा दिसायच्या, तरी लोक बसून राहायचे.

उमाचं लग्न मुदखेडला झालं. नीलाबाई आवर्जून गेल्या. मांडवात उमानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि शेजारी बसवून घेतलं. नवरा रेल्वेत आहे, स्वभावानं हसरा आहे, असं ती सांगत होती. नीलाबाईंना एक विचारायचं होतं. त्या दिवशी भुजंग ड्रममध्ये वाकला तोवर उमा दाराआड गेली होती. ती हसली होती की नाही, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी अक्षता घेऊन मध्ये आलं. मग पंगती उठल्या, गाडीची वेळ झाली, आणि न विचारताच त्या स्टेशनकडं झपाझप चालायला लागल्या.