मठाला दिलेला भाऊ

माझ्या धाकट्या भावाला अव्वानं मठाला दिलं, तेव्हा त्याला स्वतःची चड्डीसुद्धा नीट बांधता येत नव्हती. आमचं घर उदगीरकडचं, लिंगायताचं, भुसार मालाचं दुकान. मठाच्या थोरल्या स्वामींनी गादीसाठी पोरगं मागितलं. अप्पा नको म्हणाले, एकुलता एक पोरगा हाय म्हणाले. अव्वा म्हणाली, महादेवानं मागितलं तर मोजत बसायचं नसतं. झालं, विषय संपला. आमच्या घरात अव्वाच्या शब्दापुढं जायची कुणाची छाती नव्हती.

पुढं मिसरूड फुटल्यावर त्याचा पट्टाभिषेक झाला आणि त्या दिवशी त्याचं नाव गेलं. गादीवरच्याला आई-बाप, बहीण-भाऊ नसतात. अव्वानं पोटच्या पोराचे पाय धुतले आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्याली. मला बजावलं, आता त्यांना महाराज म्हणायचं, अहो-जाहो करायचं. म्हणजे राखीसुद्धा नाही का, असं मी विचारलं तर म्हणाली, गुमान सासरी जा. मी नांदेडला गेले खरी, पण डोकं फिरलेलंच राहिलं. असला कसला देव, जो माणसाचं नाव पुसून मग जवळ घेतो?

अप्पा गेले. लातूर नवा जिल्हा झाला. पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहीत होते आणि लोक त्यातच खूश. पाण्याचं मात्र कुणी नाव घेत नव्हतं. पावसानं दडी मारलेली, आड आटलेला, टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. त्यात अव्वाच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. मी नांदेडचा संसार सासूवर टाकून तिच्यापाशी येऊन राहिले.

तिची एकच इच्छा होती. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात, आणि स्वामी त्याच्या डोक्यावर पाय ठेवतात. मग जीव सुटतो म्हणतात. अव्वाला तो पाय महाराजांचाच पाहिजे होता.

"आणि पाय थरथरू नये," ती म्हणाली.

अगं, तो तुझा पोरगा हाय, मी म्हटलं.

"म्हणूनच. त्यांच्यात पोरगा शिल्लक राहिला असंल, तर त्यांचं सगळं वाया गेलं. माझं देणंबी."

मला तर उलटं पाहिजे होतं. त्यानं एकदा तरी तिला आई म्हणून हाक मारावी, तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवावा, आणि मग खुशाल मरावं. मी तिला न विचारता मठात निरोप धाडला.

तो आला. तोवर अव्वाला खबर लागली होती. स्वतःच्या घशाला कोरड असताना तिनं त्याच्या पायांसाठी तांब्याभर पाणी बाजूला काढून ठेवलेलं. मला असा संताप आला की तांब्या उचलून अंगणात फेकावा. ती उठायला गेली, पण हात टेकवेना. त्यानं सोबतच्या लोकांना बाहेर थांबायला सांगितलं आणि तिच्या अंथरुणाशी जमिनीवर बसला. भगवं नेसलेला माझा भाऊ, गुडघे पोटाशी घेऊन.

"अव्वा," तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले. वाटलं, आली गाडी रुळावर. अव्वानं डोक्यावरून पदर ओढला.

"महाराज, इथं तुमची अव्वा कुणी न्हाई. शरणार्थ."

स्वामींना घालतात तो नमस्कार घालून तिनं भिंतीकडं तोंड केलं. तो उठून गेला. जीप गेल्यावर बघते तर अव्वा तोंडात पदर कोंबून रडत होती. परत बोलावू का म्हटलं, तर माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

आठवडा गेला नाही तोच ती गेली. जमीन एवढी वाळलेली की खड्ड्याला पहारी लावाव्या लागल्या. तिला आत बसवलं, भस्म लावलं, बेल वाहिला. तो खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. मी त्याच्या पायाकडं बघत होते. हाल रे, नुसतं हाल, असं मनात म्हणत होते. पाय तिच्या डोक्यावर टेकला. मंत्र संपेस्तोवर तो जागचा हलला नाही.

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं हाक दिली, पोरगा कोण हाय, पहिली माती द्यायला पुढं या. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो चपापला. कुणी वर बघेना.

"यांना मुलगा नाही," माझा भाऊ म्हणाला. "लेकीला बोलवा."

आवाज स्वच्छ होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि जे शोधत होते ते तिथं नव्हतं. अव्वाचं देणं पुरं झालं होतं. मी ढेकूळ उचललं. तो अजून काठावरच उभा होता.

"महाराज, जरा बाजूला सरा," मी म्हटलं, आणि माती दिली.