चौकटीमागचं गाव

रविवार, सकाळचे साडेदहा. लंडनमधल्या एका म्युझियमचं इजिप्तचं दालन. तीस वर्षं बातम्या लिहिल्यावर किस्से आपोआप साठतात. पण या एका दालनातले असे की प्रत्येक वेळी सांगताना डोकं नव्याने तापतं.

आमचे गाइड गिर्गिस. सत्तरीचे, ईलिंगला राहणारे, इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन. पगार नाही; छातीवरचा बिल्ला हीच कमाई. टूर ममीपासून सुरू व्हायची आणि एका काचपेटीपाशी संपायची. आत चौकटीत लहान मुलाचा अंगरखा. खाली पाटी: ‘कॉप्टिक. ठिकाण अज्ञात.’

“अज्ञात कुणाला?” गिर्गिस म्हणायचे. “माझ्या आजीच्या गावच्या, नज शमाच्या, कबरस्तानातून हा खणून नेला. ही वीण तिथलीच!”

त्या रविवारी दालनाच्या सुपरवायझरबाई तिथल्या तिथे कडाडल्या, “मिस्टर गिर्गिस, स्क्रिप्ट!”

मी विचारलं, “आणि स्क्रिप्टच चुकीची असेल तर?”

“तर चूकही स्क्रिप्टमधलीच सांगायची!”

*

माझा मेडनहेडचा दोस्त कांबळे, सॉफ्टवेअरवाला. त्याची आई नागपूरहून आली होती. ममी दिसताच आईंनी बूट काढले. गार्ड धावला. हेल्थ अँड सेफ्टी!

“काहून ओरडते रे बाबू? माणूस निजला आहे ना तिथं? मयतीला बूट घालून उभा राहते का तू?”

कांबळेने इंग्रजीत सांगितलं. गार्ड स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

*

गिर्गिसांच्या मनगटावर गोंदलेला निळा क्रॉस. आईंनी आपला गोंदलेला हात शेजारी धरला.

“विचार त्यांना, लहानपणी रडले का?”

“फार,” गिर्गिस म्हणाले.

“मी तर चावली होती गोंदणारीला!”

*

पुढच्या रविवारी सुपरवायझरबाईंनी आमच्यादेखत सुनावलं, “पुन्हा त्या गावाचं नाव घेतलंत तर बिल्ला परत करायचा. नाहीतर पुरावा आणा!”

म्हातारा माणूस पुरावा कुठून आणणार? कबरीतून? मी भांडलो. मलाच दाराकडे बोट दाखवलं!

टूर झाली. अंगरख्यापाशी गिर्गिसांनी पहिल्यांदाच नुसती पाटी वाचली.

“लेकराचा आहे ना?” आईंनी विचारलं, आणि विहारात करतात तसा पंचांग प्रणाम घातला, कपाळ फरशीला लावून. तिसऱ्यांदा वाकल्या त्या उठेचनात.

“आई!” कांबळे घाबरला.

“थांब ना! मागं कागद टाचला आहे.”

पेटी पायांवर, तळ काचेचा, आत चौकट मागे कललेली. फरशीला डोकं लावल्याशिवाय मागची बाजू कुणाला दिसणार? कांबळे इस्त्रीच्या शर्टात पोटावर आडवा झाला. पिवळं कार्ड, तपकिरी शाई. त्याने मोठ्याने वाचलं, “नज शमा. मुलाची कबर.”

गिर्गिसही स्वतः वाचायला खाली वाकले.

मी सुपरवायझरबाईंना बोलावून आणलं. त्यांनी वाकून पाहिलंसुद्धा नाही. “सोमवारी क्युरेटरना दाखवू.” फोटोला बंदी.

सोमवारी दार उघडताच आम्ही चौघे हजर. क्युरेटरसाहेब शांतपणे म्हणाले, “कुठलं कार्ड?”

आई खाली वाकल्या. मग मी.

चौकटीमागे लाकडावर कार्डाएवढा फिका चौकोन होता, आणि चार कोपऱ्यांत पिनांची चार भोकं. पेटीला कुलूप होतं. किल्ली एकच, आणि ती ऑफिसात असते, हे गार्डने सांगितलं.