तिच्या बाजूचा कापूस

मंडळी, आज बाळकुमला आमच्या बिल्डिंगखाली बाबांची जुनी गादी पिंजायला दिलेली. माझी आई जाऊन वर्ष होत आलं. दोघांची ती गादी दबून दबून फळीसारखी कडक झालेली.

मशीनमधून कापूस बाहेर यायला लागला आणि बघता बघता हा एवढा ढीग! माझी लेक ओरडली, "मम्मी, कापूस वाढला!"

"वाढला नाही गं, फुलला. वजन तेवढंच, फक्त आत हवा शिरली." मी सायन्स झाडलं.

तेवढ्यात बाबा खाली आले. "तिच्या बाजूचा पिंजला का?"

"अजून नाही."

"मग त्यातला थोडा राहू दे तसाच."

त्यांनी दबून बसलेला मूठभर गोळा काढून घेतला आणि घरी जाऊन आपल्या उशीच्या अभ्र्यात सरकवला.

"बाबा, टोचेल हो मानेला. तोही पिंजून आणते ना!"

"अगं, इतकी वर्षं लागली तिला तो असा घट्ट करायला. आता त्यात हवा कशाला भरायची?"

माझं सायन्स तिथेच संपलं.

तुमच्याकडे आहे का असं काही, जे मुठीत मावतं, पण उचलवत नाही?