एवढा पांढरा काऊन?

मामा पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावत नसत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, थंडीत स्वेटरसुद्धा पांढरा. आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरले की अनोळखी माणसं त्यांना पुढारी समजून नमस्कार घालत. एकदा उटनूरकडच्या एका म्हाताऱ्यानं पेन्शनची दरखास्तच त्यांच्या हातात ठेवली. मामांनी ती उभ्या उभ्या वाचली, दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हाताऱ्याला कलेक्टर ऑफिसच्या रस्त्याला लावून दिलं.

"मी पुढारी नाही, असं सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगतलं असतं तर त्याचा कागद वाचला कोनं असता?"

पांढऱ्याचं कारण वेगळंच होतं. मामा सव्वीस वर्षं सुरतेला हिऱ्यांची प्रतवारी करत. कोणता खडा किती पांढरा, कोणता कुठे पिवळ्याकडे झुकतो, हे नुसत्या नजरेनं वेगळं करायचं. अंगात निळा सदरा असला तर खड्यात निळं उतरतं, पिवळा खडाही पांढरा वाटतो, असं ते म्हणत. गावी परत आल्यावर आमच्या आदिलाबादच्या एका सराफाच्या दुकानात, उत्तरेच्या खिडकीशी, ते स्टूल टाकून बसू लागले. तिथेही नियम तेच. खडा बघायचा तो सकाळी अकराच्या आत. लाल लुगड्यातली बाई जवळ आली की म्हणायचे, "माय, पदर जरा मागं घे. तुह्या लुगड्यानं खडा लाजून राह्यला." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण मागे सरायच्या.

पुस्तकात रंगाच्या प्रतींना इंग्रजी अक्षरं आहेत. मामांची अक्षरं स्वयंपाकघरातली होती. सगळ्यात वर पाणी, मग शहाळ्याचं पाणी, मग पेजेची निवळ, मग पातळ केलेलं तूप, आणि तळाला हळदीचं दूध. दुमडलेल्या पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा पालथा ठेवायचा, एक डोळा मिटायचा आणि बऱ्याच वेळानं म्हणायचं, "निवळ." त्यावर वाद नाही. ही नजर त्यांना सुरतेनं दिली नव्हती. त्यांचे वडील कापसाच्या बाजारात गाठोड्यात हात घालून प्रत सांगत. मामा म्हणत, "बाप कापूस पाह्यचा, मी खडे. पांढऱ्याचीच चाकरी दोघाईची."

खड्यात खोट निघाली तर ती मात्र ते चारचौघांत कधी बोलत नसत. दुकानाच्या सेठलासुद्धा बाजूला करायचे. ज्याचा खडा त्याला एकट्याला ओट्यावर न्यायचे, खाली बसवायचे आणि मग सांगायचे. एकदा एका जावयानं दिलेली अंगठी नुसत्या काचेची निघाली. सासरा ओट्यावरून परत आला तो हसतच. नक्की काय सांगितलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई मामांची थोरली बहीण; ती सही करायला शिकली तेव्हा मी आठवीत होते. भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, हैदराबादला हिऱ्यांच्या प्रतवारीचा कोर्स केला. याचा मला अभिमान होता, आजही आहे, तो मी लपवत नाही. मला त्या दुकानात नोकरी लागली ती मामांनी सेठकडे तीन महिने माझं नाव घेतलं म्हणून. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी आपलं स्टूल सरकवून खिडकीतली अर्धी जागा मला दिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माही भाची. माह्यावाल्या कामाचं शिक्षण घेऊन आली. मले कोनं शिकवलं? मी तं मार खाऊन शिकलो."

आणि एक दिवस लक्ष्मीबाई आल्या.

बेल्याच्या रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा आहे. नाकातल्या फुलीत त्यांच्या सासूनं दिलेला एक हिरा होता. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा, आणि चांगलाच पिवळसर. घरात मोलाचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. त्यांच्याबरोबर नागपूरहून आल्याचं सांगणारा एक व्यापारी होता. तो त्या पिवळ्याच्या बदल्यात एक पांढरा हिरा द्यायला निघाला होता, तुरीच्या दाण्याएवढा. "माताजी, पुराना पीला पत्थर आजकल कौन पहनता है?" असं त्याचं चाललं होतं. लक्ष्मीबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, "आमच्या मामाले दाखवतो, मग पाहू." म्हणून दोन्ही खडे आमच्या खिडकीत आले.

मामांनी पिवळा पाहिला. "तूप. पन जमिनीतला, अस्सल." मग पांढरा कागदात ठेवला. बराच वेळ पाहिला. फुंकर मारली, पुन्हा पाहिला. मग व्यापाऱ्याकडे न बघता म्हणाले, "लक्ष्मीबाई, जरा ओट्यावर चाल."

व्यापारी आडवा आला. "जो बोलना है, यहीं बोलो ना चाचा."

लक्ष्मीबाईही म्हणाल्या, "इथंच सांगा नं मामा. काऊन लपवून राह्यले?"

मामांचा नाइलाज झाला. "पानी हाय हे. आत एक ठिपका नाही. सव्वीस वर्षांत एवढ्या मोठ्यात असं पानी मी बोटावर मोजन्याइतकं पाह्यलं. ते तुमच्या पिवळ्याच्या बदल्यात कोनी काऊन देईन? एवढा पांढरा काऊन? असला खडा आपल्यासारख्याच्या घरी येत नाही माय. कारखान्यात केलेला असन. देऊ नोको."

'आपल्यासारख्याच्या घरी येत नाही.' बाकीचं मी ऐकलंच नाही. हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले होते. आपल्यासारख्यांना कॉलेज नाही, हॉस्टेल नाही, इंग्रजी नाही. ज्यांनी हे म्हटलं त्या सगळ्यांचा राग मी त्या सकाळी एका माणसावर काढला, आणि तो माणूस नेमका तो होता ज्यानं मला कधीच तसं म्हटलं नव्हतं.

मी टेस्टर उचलला. पेनासारखं यंत्र असतं, हिऱ्याला टेकवलं की वाजतं. दोन्ही खड्यांना वाजलं. मग मी बोलले, आणि मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलले. "मामा, दोन्ही हिरेच आहेत. पांढऱ्याची प्रत कितीतरी वरची आहे. आणि तुम्हाला मोतीबिंदू आहे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला रंग नीट कळत नाही, हे विज्ञान आहे. तुम्ही आता रंग सांगू नयेत."

दुकानात सहा-सात माणसं होती. सेठ होता. कोणीतरी फिसकन हसलं. मामांच्या मोतीबिंदूचं फक्त मला ठाऊक होतं. डोळ्याच्या दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेले होते, आणि सेठला सांगू नको असं त्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितलं होतं.

मामांनी डोळ्याचं भिंग काढलं. दोन्ही खडे आपापल्या पुडीत घातले, पुड्या घडीवर घडी दुमडल्या. म्हणाले, "पोरगी शिकेल हाय. तिचं आइका." चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाही. सेठनं आठवड्यानं स्टूल आत गोदामात ठेवलं आणि पूर्ण खिडकी माझी झाली.

लक्ष्मीबाईंनी खडा बदलून घेतला.

खरं काय ते इथे लिहिते, कारण ते मी फार उशिरा मान्य केलं. यंत्रात केलेला हिराही हिराच असतो, आणि त्या टेस्टरला दोन्ही सारखेच वाजतात. हे मला वर्गात शिकवलं होतं. वहीत त्याखाली मी लाल शाईनं रेघ मारली होती. मोतीबिंदूनं पाण्याचं तूप दिसतं, तुपाचं पाणी नाही; मामांनी त्या डोळ्यानंही पांढऱ्याला पांढराच म्हटलं होतं. मला माहिती कमी पडली नाही. त्या घटकेला मला बरोबर असण्यापेक्षा मोठं दिसायचं होतं.

महिनाभरानं दुकानाच्या दुसऱ्या कामासाठी हैदराबादला गेले, तेव्हा लक्ष्मीबाईंचा खडा पॉलिश करून आणते म्हणून सोबत नेला आणि मोठ्या यंत्राखाली ठेवला. कारखान्यातला निघाला. असले आता ढिगानं होतात. बाजारात तो त्या पिवळ्याच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि जो पिवळेपणा मी खालची प्रत म्हणून झटकला, तोच हिरा जमिनीतला असल्याची खूण होता. व्यापाऱ्याचा फोन बंद लागत होता. मी खडा परत आणून लक्ष्मीबाईंना दिला आणि म्हटलं, "छान चमकतोय."

मामांकडे जात राहिले. ते पूर्वीसारखेच बोलत. भाकर खाऊन जा म्हणत, बस चुकेल म्हणून घाई करत, आईच्या गुडघ्यांची चौकशी करत. फक्त खड्यांविषयी एक अक्षर नाही. दुकानातली, प्रत ठरत नसलेल्या खड्याची एखादी पुडी मी खिशात घेऊन जायचे, पण ती काढायची हिंमत कधी झाली नाही. एकदाच, मी निघताना, त्यांनी विचारलं, "लक्ष्मीबाईकडे जातं का कधी?" मी म्हटलं, वेळ मिळत नाही. त्यांनी मान हलवली.

मी स्पष्ट बोलणारी म्हणून गावात माझं नाव आहे.

मामा गेल्या थंडीत गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. तेराव्याला लक्ष्मीबाई आल्या होत्या. नाकात तो पांढरा खडा. मी त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं, वहीतल्या रेघेसकट. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "मले ठाव हाय. तू हैदराबादून आली त्याच महिन्यात मी मामाकडे गेलतो. तू 'छान चमकतोय' म्हनली तवा मान खाली घातली होती, म्हनून शंका आली. मामा म्हनले, खडा तं गेला, त्याले मी काई करू शकत नाही. पन पोरीले काई बोलू नोको. ते सोताहून येईन तुह्याकडे. माही भाची हाय, येईनच."

त्यांनी नाकाला हात लावला, मग काढून घेतला.

"आठ महिने वाट पाह्यली पोरी. दर बाजाराले मामा इचारे, आली का म्हनून."

आत कोणीतरी पानं मांडत होतं, आणि लक्ष्मीबाई माझ्या तोंडाकडे बघत तिथेच उभ्या होत्या, अजून काहीतरी येईल म्हणून.