मामाच्या बाईसाहेब

माझी आई भित्री आहे, आणि हे ती स्वतःच सांगते. गॅस बंद केला की नाही ते पाहायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरणारी. फोन वाजला की तिला आधी वाईट बातमीच ऐकू येते. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाला घासायचं काम तिने आयुष्यभर केलं. बोटं स्थिर, पण जीव कायम टांगणीला. सगळ्यात जास्त भीती सरपटणाऱ्या जिवांची. भिंतीवर पाल दिसली की ती खोली त्या दिवसापुरती पालीची.

मामा तिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. लग्न केलं नाही, पण घरात एक बाई आहे असं सगळ्यांना सांगायचा. ही बाई म्हणजे जॅक्सन जातीची शॅमेलिऑन, रंग बदलणाऱ्या सरड्यांतली मादी. वीतभर लांब, शेवाळी हिरवी, पाठीवर करवतीसारखे दाते. या जातीतल्या नराला तीन शिंगं असतात, हिच्या नाकावर नुसतं एक टेंगूळ होतं. एक पाऊल टाकायचं तरी ती इतका विचार करायची की मामाने तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं.

मामाच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात जायच्या आधी तो टेम्पोतून जाळीचा उंच पिंजरा घेऊन आईकडे आला.

"ताई, दुसरं कोणी नाही मला," तो म्हणाला.

आई दाराला पाठ लावून उभी. "मी मरेन रे. ती बाहेर आली तर?"

"ती येणार नाही. तू फक्त दिवे सांभाळ." त्याने पिंजऱ्यावरच्या दोन दिव्यांकडे बोट केलं. "हा गोल दिवा अंग शेकायला. वरच्या फांदीपासून एवढाच लांब राहू दे, जवळ आणलास तर पाठ भाजेल. ही लांब नळी हाडांसाठी, उन्हातले अतिनील किरण देते. हिचा उजेड थेट अंगावर पडला पाहिजे, मध्ये काच चालत नाही, म्हणून वर जाळी. दिवस मावळला की दोन्ही बंद."

"आणि रात्री? गारठेल ना ती."

"गारठू दे. डोंगरावरच्या धुक्यातली जात आहे. उकाड्याने मरेल, गारव्याने नाही. पाणी वाटीत ठेवू नकोस, तिला ते दिसतच नाही. पानांवर फवारा मार, थेंब चाटून पिते."

आईने मान डोलावली. भीतीने तिच्या डोक्यात अर्धंच शिरलं होतं.

पहिले काही दिवस ती स्वयंपाकाचा लांब चिमटा हातात धरून पिंजऱ्यापुढे जायची. मामाने डब्यात दिलेल्या जिवंत किड्यांना पांढरी कॅल्शियमची पूड लावायची, चिमटा आत घालायचा आणि तोंड फिरवायचं. सप्‌ असा आवाज झाला की किडा गेला. मला फोनवर म्हणायची, "अगं, तिचा एक डोळा माझ्याकडे असतो आणि दुसरा दाराकडे. माणसाने बघायचं कुठे?"

एकदा सकाळी कामाला निघताना खिडकीतून गार वारा आला. आईला राहवलं नाही. तिने पिंजऱ्याभोवती जाड चादर गुंडाळली आणि गेली. दुपारी जेवायला घरी आली तर चादरीच्या आत हवा भट्टीसारखी तापलेली. बाईसाहेब खालच्या फांदीवर, रंग उडून राखेसारखी, तोंड उघडं टाकून बसलेली.

आईने पिशवी दारातच टाकली. तिने चादर ओढून काढली, गोल दिवा बंद केला, आणि जन्मात पहिल्यांदा पिंजरा दोन्ही हातांनी कवटाळून सावलीच्या खोलीत ओढत नेला. पानांवर हलका फवारा मारत बसली. "मिट गं तोंड, मिट बाई," म्हणत होती. किती वेळाने कोण जाणे, तोंड मिटलं आणि पोटाजवळ हिरवी छटा परत आली. त्या दिवशी आई जेवलीच नाही. मला म्हणाली, "धाकट्याने जीव सोपवला माझ्या हाती, आणि मीच तो उकडला असता."

मग ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित झालं, पण मामा शुद्धीवर यायला वेळ लावत होता. आई काचेच्या दारातून त्याच्या नाकातल्या नळ्या बघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दिवे लावले तेव्हा बाईसाहेब पिंजऱ्याच्या तळाशी होती. ती कधी तळाशी उतरत नसे. पोट फुगलेलं, किड्याकडे ढुंकून बघेना, जाळीच्या कडेकडेने सैरावैरा फिरत होती.

आईच्या मनात त्या दोघांचे जीव एकाच दोरीला बांधले गेले. ही गेली तर तो जाणार. तिने मला फोन केला आणि बराच वेळ नुसती रडली. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधून दिला.

"आधी कधी नराबरोबर होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला नाही माहीत. भावाने दुकानातून आणली, तेव्हा तिथे बरेच होते म्हणे."

"मग बाळंत होत असेल. ही जात अंडी घालत नाही, पिल्लंच देते. नरापासून वेगळी झाली तरी पिल्लं महिनोन्‌महिने पोटात राहतात. हात लावू नका. दिवे रोजच्यासारखे, फवारा थोडा जास्त, आणि तिच्यासमोर घुटमळू नका."

आई स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिली, एक डोळा फटीला. बाईसाहेब फांदीवर चढली, शेपटी उचलली, आणि ओल्या चिकट पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी खाली पानावर पडलं. हललं नाही. मग दुसरं. तेही निपचित. आईला वाटलं, मेलेलीच पडतायत. मग पहिल्या पिशवीत काहीतरी वळवळलं, पडदा फाटला, आणि काडेपेटीच्या काडीएवढा सरडा, इवल्या डोळ्यांसकट, पानावर चालायला लागला.

एक पिल्लू मात्र पडद्यातून सुटेना. आतून ढुशा देत होतं, मग ढुशा मंदावल्या. आईने पुन्हा फोन लावला. "बोट पाण्यात बुडवा आणि पडदा हलकेच चिरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि सगळी पिल्लं आईपासून वेगळी करा, नाहीतर ती खाऊन टाकेल."

"मी हात लावू?"

"तिथे दुसरं कोण आहे?"

आईने बोट ओलं केलं. दुसऱ्या हाताने त्या हाताचं मनगट घट्ट धरलं. पडदा सुटला. पिल्लाने तिच्याच बोटाला पकडलं, पायांचे चिमटे लागले, आणि ती किंचाळली नाही. तसंच बोट पुढे धरून तिने त्याला झाडाच्या कुंडीत सोडलं. मग वर्तमानपत्राच्या तुकड्याने एकेक करून बाकीची. सगळं आटोपल्यावर न्हाणीघरात जाऊन उलटी केली.

मामा शुद्धीवर आला तेव्हा तिने त्याला आधी काही सांगितलं नाही. धक्का बसला तर? शेवटी त्यानेच खुणेने बाईसाहेब कशी आहे ते विचारलं. ती म्हणाली, "तिने तुला मामा केलंय पुन्हा. बऱ्याच जणांचा." तो हसला आणि टाके दुखून विव्हळला, तेव्हा ती नर्सला हाका मारत धावली.

काही पिल्लं पहिल्याच आठवड्यात गेली, आईने खूप फवारे मारूनही. उरलेली डॉक्टरीणबाईंनी चांगल्या घरी दिली. मामा बरा झाला, पण जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, म्हणून आईकडेच राहिला. नळीचा दिवा जुना झाला की त्यातला हाडांना लागणारा उजेड संपतो, जरी तो पेटलेला दिसला तरी, हे आता तीच त्याला सांगते.

तिची भीती गेलेली नाही. रोज सकाळी ती आधी पिंजऱ्यापाशी जाते, फांदीवर बाईसाहेब आहे ना बघते, दिवे लावते. मग मामाच्या खोलीच्या दाराशी येते आणि त्याच्या पांघरुणाखाली छाती वर आली, खाली गेली असं दिसेपर्यंत चप्पल न वाजवता उभी राहते.