लाहूने रचलेला भूकंप

झाई गावातल्या एका वाडीत लाहू चिकूच्या पेट्या भरायचा. खाली कागद अंथरायचा, वर चिकू लावायचे, पुन्हा कागद. हा कागद म्हणजे डहाणू रोडहून किलोवर आणलेली रद्दी. बाकीचे कामगार ती टराटरा फाडायचे. लाहू आधी वाचायचा, म्हणून दिवसाला दोन पेट्या कमी भरायचा आणि मुकादमाच्या शिव्या खायचा. २०१४च्या हंगामात त्याला त्या रद्दीत विज्ञानकथांच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा सापडला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे अंक, कव्हरं गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यांत मंगळावर कालवे होते, शुक्रावर जंगलं होती, आणि इमारतीएवढा एक संगणक होता, तो प्रश्न विचारल्यावर तीन दिवसांनी उत्तर द्यायचा. मंगळावर कालवे-बिलवे काही नाहीत हे लाहूला ठाऊक होतं, बारावीपर्यंत शिकला होता तो. पण वाचताना म्हणायचा, ‘लेकाचे केवढ्या रुबाबात चुकलेत बघा!’ त्या रुबाबावरच तो भाळला.

गठ्ठा त्याने घरी आणला. घर तलासरीकडच्या डोंगराजवळच्या पाड्यावर. घरात तो आणि त्याची आई हिराबाई, दोघंच. वाचून वाचून त्याचे हात शिवशिवायला लागले आणि तो स्वतःच लिहू लागला. त्याच्या गोष्टीत मंगळावरचा माणूस तलासरीच्या बाजारात सुके बोंबील घ्यायला उतरायचा आणि भाव ऐकून आल्या पावली परत जायचा. दिवाळी अंकांना त्याने सात-आठ गोष्टी पाठवल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. पाड्यात तर थट्टाच. शेजारचा बाबल्या रोज विचारायचा, “काय लाहू, रॉकेट कधी सुटतं? खिडकीची जागा धर हां आमची!”

ऐकणारी एकटी हिराबाई. तिला अक्षर येत नव्हतं. उडीद निवडत ती ऐकायची आणि वाक्यावाक्याला ‘हां’ म्हणायची. पाड्याची रीतच ती. कापणी झाली की भगत कणसरीची कथा लावतो, धान्याची देवी घरात कशी आली ते सांगतो, तेव्हा समोरच्याने हुंकारा द्यायचा असतो. हुंकारा दिला म्हणजे मानलं. कथा म्हणजे घडलेलं सांगणं, खोटं बोलायला कथा कशाला लागते, असं तिचं म्हणणं. रचलेली गोष्ट ही भानगड तिच्या गावीच नव्हती. लाहू वाचतो ते कुठेतरी झालं असणार, बस्स. लाहूने तिला कधी समजावलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते गोड वाटायचं.

२०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. आधी खालून गुरगुरल्यासारखा आवाज, मग धक्का. भांडी पडायची, भिंतींना चिरा जायच्या. माणसं घरं सोडून अंगणात, तंबूत झोपू लागली. काय होतंय ते कुणीच धड सांगेना. डिसेंबरात एका दुपारी आंब्याखाली सगळे बसले होते. लाहूने नवी वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. डोंगराच्या पोटात एक जुनं यंत्र आहे, त्याचं चाक पुन्हा फिरू लागलंय, हे छोटे धक्के त्याचेच; होळीच्या आत मोठा धक्का बसणार आणि छपराखालचं एकही माणूस वाचणार नाही.

कुणी हसलं नाही. बाबल्यासुद्धा नाही. त्याने हळूच विचारलं, “खरं का रे हे?”

अहो, एवढंच म्हणायचं होतं, की नाही बाबा, मी रचलंय. पण चार वर्षांत पहिल्यांदा पंचवीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. लाहू म्हणाला, “शास्त्राचं गणित आहे.” पलीकडून हिराबाईचा ‘हां’ आला.

माणसांची भीती किती टिकते! जानेवारीत थंडी पडली तसे एकेक जण घरात शिरले, सगळ्यांत आधी बाबल्या. हिराबाई एकटी आंब्याखाली राहिली. लाहूने तिच्या अंगावर होती नव्हती ती पांघरुणं घातली, शेकोटी पेटवून दिली. तरी ती खोकू लागली, मग अंग तापलं. तेव्हा त्याचं धाबं दणाणलं.

“आये, आत चल. ती गोष्ट खोटी आहे. मी बसून रचली.”

हिराबाई हसली. “मना आत न्यायला खोटं बोलतोस होय?”

“तुझी शपथ, आये. सगळ्याच रचलेल्या. तो बोंबीलवालाही.”

या वेळी तिने ‘हां’ म्हटलं नाही. त्याने तिच्यासमोर वही फाडली, तर तिने त्याला झोडपला आणि कागद गोळा करून उशाखाली ठेवले. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, त्यालापण छप्परच ना. दोन दिवस तो विनवत राहिला. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना, तेव्हा त्याने आणि बाबल्याने तिला उचलून जीपमध्ये घातली.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं भरलीत, चार दिवस आधी आणायला हवं होतं. लाहू खाटेजवळ बसला. सकाळचे दहा वाजले असतील. हिराबाईने डोळे उघडले, वर स्लॅबकडे पाहिलं, आणि त्याचा हात ढकलू लागली.

“तू बाहेर जा. इथं नको थांबू. छप्पर हाय वर.”

“काही होत नाही, आये.”

“माझं झालं. तू जा पोरा, तूच सांगितलंस ना.” दम लागून ती तळमळायला लागली, नाकातली नळी ओढू लागली. नर्स म्हणाली, दादा, जा तुम्ही जरा, म्हणजे शांत होतील.

लाहू गेला. आवारात उघड्यावर, तिला खिडकीतून दिसेल असा उभा राहिला. तिने मान वळवून त्याला पाहिलं आणि तिचा हात खाली आला. त्याला वाटलं झोपली. बाबल्या बोलवायला आला तेव्हा तो तिथेच, उन्हात, खिडकीकडे बघत उभा होता.