भाडेकरूंचं जेवण

नाशकात समुद्र नाही, हे मला इतक्या लोकांनी ऐकवलं होतं की प्रयोगशाळेच्या दारावर 'माहीत आहे, धन्यवाद' अशी पाटीच लावायचं माझ्या मनात होतं. समुद्राचं पाणी डहाणूहून निळ्या कॅनमधून यायचं, आणि त्याच्यासोबत बाटल्यांतून आमचे प्राणी. अंग मोहरीच्या दाण्याहून लहान आणि काचेसारखं पारदर्शक, मागे वळवळणारी शेपटी. पाण्यात तरंगत स्वतःभोवती चिकट बुळबुळीत घर बांधायचं, त्यातून बारीक शेवाळ गाळून खायचं, आणि घर तुंबलं की ते सोडून नवं बांधायचं. दिवसातून कितीतरी वेळा. आयुष्य जेमतेम आठवडाभराचं. आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस मामा त्यांना भाडेकरू म्हणायचे.

मामा इगतपुरीकडचे. काचसामान धुणं, किल्ल्या सांभाळणं, भाडेकरूंना रोज शेवाळाचं हिरवं पाणी घालणं ही त्यांची कामं. दुपारी डबा उघडला की खोलीतल्या प्रत्येकाला 'जेवलात का' विचारल्याशिवाय ते घास घेत नसत. झाडूवाल्या मावशींपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना.

मला या भाडेकरूंचा जीनोम वाचायचा होता, म्हणजे त्यांच्या पेशीपेशीत चार अक्षरांत लिहिलेला सगळा मजकूर. वडील कारकून. रविवारी आमच्या कॉलनीतल्या सभांची, मोर्चांची, वाचनालयाची पत्रकं घरी यायची आणि आम्ही सगळे घड्या घालत बसायचो. शाळेत जायच्या आधी मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की लिहिलेलं कुणालाही वाचता आलं पाहिजे. समुद्र फक्त किनाऱ्यावरच्यांनी वाचायचा, हे मला मान्य नव्हतं.

वाचणारं यंत्र तळहाताएवढं होतं, पण त्यात बसणारी पट्टी आमच्याकडे एकच उरली होती आणि ती एकदाच वापरता येणार होती. मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, स्पष्ट सांगितलं होतं की भाडेकरूंची शेवटची तुकडीही वाया गेली तर पट्टी द्राक्षांच्या रोगाच्या कामाला जाईल आणि मीही तिकडेच जाईन. द्राक्षांशी माझं वैर नाही. तरी त्या रात्री मी जेवले नाही.

अडचण भाडेकरूंच्या पोटात होती. पोटात शेवाळ असलं तर त्याचाही मजकूर आमच्या मजकुरात मिसळणार. म्हणून त्यांना पूर्ण दिवस उपाशी ठेवायचं, असा नियम मी एका शोधनिबंधातून शोधून काढला होता. पहिली तुकडी उपाशी ठेवली, तर सगळे तळाशी मरून पडले. मी पाण्याला दोष दिला, मग उकाड्याला. शेवटची तुकडी आली तेव्हा भांड्यावर लाल मार्करनं सूचना चिकटवली, अगदी आमच्या घरच्या पत्रकांच्या वळणाची: सावधान. यात अन्न टाकण्यास सक्त मनाई आहे. नियम मोडणारा विज्ञानाचा शत्रू समजला जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर एकूण एक पोट हिरवंगार.

सूचना वाचली नाही का, असं मी मामांना विचारलं. ते शांतपणे चंचुपात्र विसळत होते.

"वाचली की. अक्षर लय चांगलं हाय तुझं."

"मग?"

"मागची समदी मीच फेकली ना पोरी. उपाशी मेली ती. येवढ्याशा जिवाला दिसभर उपाशी ठेवायचं, आन् मंग म्हणायचं पाणी वाईट."

मी नियम, शिस्त, पुरावा यांवर चांगलं पाच मिनिटांचं भाषण ठोकलं. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि चहा पिणार का विचारलं. तेवढ्यात मॅडम आल्या. माझी तक्रार ऐकता ऐकताच त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हसायला लागल्या.

"नर पिकलेत. मामांनी जेवू घातलं म्हणूनच पिकलेत," त्या म्हणाल्या. "शुक्राणूंतही तोच मजकूर असतो, आणि त्यांत कुठलं आलंय शेवाळ? तेवढेच घे."

मग त्यांनी माझा नियम कुठून आणला ते विचारलं. तो एका वेगळ्याच, फार चिवट प्राण्यासाठी लिहिलेला होता. मी छापलेलं बघितलं आणि विश्वास ठेवला. पत्रकांवर वाढलेल्या मुलीकडून ही चूक व्हायचीच.

फुगलेले, पांढुरके अकरा नर मी एकेक करून स्वच्छ पाण्यात हलवले, पुन्हा हलवले, पुन्हा. त्यांनी शेवटचं घर सोडलं होतं आणि नवं बांधत नव्हते. पाण्यात त्यांनी धुरासारखे शुक्राणू सोडले, तेव्हा मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

ते गोळा करून त्यांतला डीएनए मी त्या एकुलत्या पट्टीवर सोडला. यंत्र सुरू झालं तसा मजकूर येऊ लागला. मॅडमनी पहिले तुकडे जुळवून पाहिले आणि मान डोलावली. भाडेकरूच. शेवाळ नाही.

मी पहिलं पान छापून काढलं, ओळीमागून ओळ, चार अक्षरांचं, आणि भांड्यावरची सूचना फाडून तिथे लावलं. मामांनी चष्मा लावून मोठ्यानं दोन ओळी वाचल्या. काही कळलं का, मी विचारलं.

"नाय. तुला?"

"मलाही नाही अजून."

रविवारी त्याच पानाच्या प्रती आम्ही घरी घड्या घालून वाचनालयात वाटल्या. एका काकांनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि सभा कुठे आहे ते विचारलं.